बदली लेहला, गाडी भुसावळला

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात. कधी सुटीवर आलेला पारोळ्याचा जवान, कधी चाळीसगावची नवी सून, कधी एखाद्याचे वडील. "काकू, बदली लांब झाली, गाडी कशी लई जाऊ?" आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झाले. बदली आली की ते पुढे जायचे आणि गाडी मागून मी पाठवायची. म्हणून हा प्रश्न त्यांना सोडून मला विचारतात.

कशी न्यायची ते सांगतेच. पण त्याआधी दोन गोष्टी ठरवा: कधी पाठवायची आणि कुठपर्यंत पाठवायची. रेल्वे तुमची गाडी जम्मूपर्यंत नेईल, गुवाहाटीपर्यंत नेईल. तुमचं ठाणं, म्हणजे नेमणुकीची जागा, तिथून शेकडो किलोमीटर पुढे, डोंगरात असतं. तो पुढचा रस्ता वर्षातले काही महिनेच आपल्यासाठी मोकळा असतो. ऑर्डर हातात पडली की पोरं लगेच पॅकिंगवाला शोधायला लागतात. माझं म्हणणं, आधी माणूस जाऊ द्या. युनिटला पोहोचा, खासगी गाडी ठेवायची परवानगी आहे का विचारा, उभी कुठे करायची ते बघा, पेट्रोलपंप किती लांब आहे तेही बघा. फील्डची जागा असेल तर कुटुंब बरोबर नसतं आणि गाडीचा उपयोगही फारसा नसतो. अशा वेळी ती घरी वडिलांच्या कामाला येते. कुटुंब नेता येणारं ठाणं असेल तर मात्र गाडी हवीच, हे मी ठासून सांगते. आसामात तेजपूरला असताना पोराला रात्री ताप चढला की दवाखान्यात न्यायला दुसऱ्या कुणाच्या दारात जावं लागलं नाही, ते गाडीमुळे. नवख्या मुलखात, जिथली भाषा येत नाही तिथे, दारात आपली गाडी असणं म्हणजे घरातल्या बाईला केवढा धीर असतो, हे जवानांनाही सगळं ठाऊक नसतं.

आता ऋतू. लेहला मुख्य दोन रस्ते जातात. एक श्रीनगरहून झोजिला ओलांडून, दुसरा मनालीहून. मनालीकडून रोहतांगखालचा अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला, त्यामुळे लाहौलपर्यंतची वाट सोपी झाली. पण त्यापुढे बारालाचा आणि तांगलांग या खिंडी आहेतच, आणि तांगलांग 17,000 फुटांच्या वर आहे. झोजिला साडेअकरा हजार फुटांवर. बर्फ पडलं की दोन्ही रस्ते बंद होतात. म्हणून लेहकडे जाणारी गाडी जून ते सप्टेंबरमध्ये वर चढलेली बरी. नोव्हेंबरची बदली असेल तर गाडी घरी ठेवा आणि उन्हाळ्यात मागवा. जम्मूच्या किंवा श्रीनगरच्या गोदामात ती महिनोन् महिने पडून राहण्यापेक्षा आपल्या पडवीत राहिलेली केव्हाही चांगली.

अरुणाचलचं गणित उलटं आहे. तवांगचा रस्ता भालुकपोंग, बोमडिला, दिरांग असा चढतो. पावसाळ्यात दरडी कोसळतात. सेला खिंडीतला बर्फ हिवाळ्यात अडवायचा, पण 9 मार्च 2024 ला सेला बोगद्याचं उद्घाटन झालं, तेव्हापासून तो त्रास पुष्कळ कमी झाला. तरी तिकडे गाडी पाठवायला पाऊस सरल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात बरे. लेहला जे महिने योग्य, नेमके तेच तवांगला अयोग्य. म्हणून शेजारच्या जवानाने कधी पाठवली ते विचारून चालत नाही, तो कुठे होता तेही विचारावं लागतं.

दुचाकी पाठवायची तर खान्देशातल्या माणसाला भुसावळसारखी सोय नाही. जळगाव, चाळीसगावला बहुतेक रेल्वेगाड्या दोन-तीन मिनिटं थांबतात, तेवढ्यात मोटारसायकल ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, चढवणं कठीण. भुसावळ मोठं जंक्शन, तिथे थांबा जास्त मिळतो, आणि दिल्ली, जम्मू, गुवाहाटीकडच्या थेट गाड्या तिथून जातात. थेट गाडी मिळाली तर तीच धरा, एखादा दिवस थांबावं लागलं तरी. मधल्या स्टेशनवर उतरवून दुसऱ्या गाडीत चढवलं की खरचटणं, वाकणं, हरवणं, सगळं तिथेच होतं. जम्मूला पाठवताना मी झेलम एक्सप्रेसच धरायचे.

बुकिंग दोन प्रकारे होतं. तुम्ही स्वतः त्याच रेल्वेगाडीने जात असाल तर तिकीट दाखवून लगेज म्हणून, तुमच्याच रेल्वेगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये. नाहीतर पार्सल म्हणून. त्याला प्रवासाचं तिकीट लागत नाही, पण जागा असेल तेव्हा जातं. लगेजचं भाडं जास्त पडतं. हातात सुटीचे दिवस मोजकेच असतील तर ते जास्तीचे पैसे द्यावेत. आरसीची प्रत, ओळखपत्राची प्रत आणि फॉर्म लागतो. फॉर्मवर गाडीची किंमत लिहायची असते. तिथे पोरं भाडं वाचवायला आकडा कमी टाकतात. तसं करू नका. गाडी हरवली किंवा मोडली तर भरपाईची मर्यादा त्या आकड्यावरच ठरते.

टाकी पूर्ण रिकामी पाहिजे. थोडं राहू द्या, वास येत नाही, असं म्हणणारे भेटतील. ऐकू नका. पेट्रोलसकट गाडी चढवणं रेल्वेच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या डब्याला लागून माणसं बसलेली असतात. कार्बोरेटरमधलंही काढायला लावा. बॅटरीची वायर सोडा, आरसे काढून घरच्या पेटीत ठेवा. हँडल लॉक करू नका, गिअर न्यूट्रलला ठेवा, कारण हमालांना ती ढकलावी लागते. लॉक असेल तर ओढतात, आणि मग हँडलची वाट लागते. किल्ली गाडीला बांधू नका. पॅकिंग गोणपाटाचंच करा, आत टाकीला आणि हेडलाइटला भाताचं काड नाहीतर जाड पुठ्ठा. रावेर-सावद्याकडचे केळीवाले घडाला ओरखडा पडू नये म्हणून जेवढं जपतात, तेवढं टाकीला जपा. गोणपाटावर दोन्ही बाजूंना ठळक अक्षरात नाव, फोन नंबर आणि कुठून कुठे ते लिहा. भुसावळ स्टेशनचा कोड बीएसएल, जम्मूचा जेएटी, गुवाहाटीचा जीएचवाय. कागद चिकटवू नका, फाटतो. रंगाने लिहून घ्या.

चारचाकीचं वेगळं. ती ट्रकवर चढवून नेणारे असतात, किंवा दोघं चालवणारे असतील तर रस्त्याने. एकट्याने दोन हजार किलोमीटर चालवत जाऊन मग हजर व्हायचं, हे मला पटत नाही. या ट्रकवाल्या मूव्हर्सना पैसे देताना सगळे आधी देऊ नका, आणि गाडीच्या किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. ओळखीतल्या एका कुटुंबाला पोहोचल्यावर जादा पैसे दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही म्हणून अडवलं होतं. विम्याबद्दल एक सांगते. तुमचा विमा नुसता थर्ड पार्टी नसेल, पूर्ण असेल, तर रस्त्याने किंवा रेल्वेने नेताना झालेलं नुकसान त्यात धरलेलं असतं. पॉलिसी वाचून घ्या, मगच वेगळ्या विम्याचे पैसे मोजा.

सरकार किती देतं, हेही विचारतात. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पगाराच्या लेव्हल 5 पर्यंत, म्हणजे हवालदारापर्यंत, बदलीला एका दुचाकीचा खर्च मिळतो. लेव्हल 6 पासून, म्हणजे नायब सुभेदारापासून वर, एक चारचाकी किंवा एक दुचाकी. दोन्हींपैकी एकच, दोन्ही नाही. पावत्या जपा.

नंबरप्लेटचं काम मात्र घर सोडण्याआधी करा. आपली गाडी एमएच 19, 18 किंवा 39 ची, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारची. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिथे नव्याने नोंदवावी लागते, आणि त्यासाठी इथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्रही. हे सगळं तेजपुरात बसून होत नाही. नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येक जवानाला मी सांगते, बीएच नंबर, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणारा भारत मालिकेचा नंबर, घे. ही सोय सप्टेंबर 2021 पासून आहे, सैन्यदलातल्या लोकांना मिळते, आणि राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागत नाही. रोड टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा. ज्याची बदली दर दोन-तीन वर्षांनी होते, त्याच्यासाठी याहून बरं काही नाही.

आणि थंडी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, गाड्या त्याच हवेत वाढलेल्या. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतायची सवय असेल तर लेहकडे निघण्याआधी ते काढून कूलंट भरा. पाणी गोठलं की इंजिन तडकतं. बॅटरी जुनी असेल तर इथेच बदला. डिझेलची गाडी असेल तर खालून भरून नेलेल्या डिझेलवर हिवाळा काढायचा विचार नको. लडाखसाठी 2019 पासून हिवाळी डिझेल मिळतं, ते उणे 33 अंशांपर्यंत गोठत नाही. उंचीवर गाडीचा दम कमी होतो, साधारण दर हजार मीटरला दहा टक्के. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला ते जास्त जाणवतं. गाडी बिघडली म्हणून घाबरून इंजिन उघडायला लावू नका.

पार्सल पोहोचल्यावर ठरावीक वेळेत सोडवलं नाही तर दंड चढत जातो. म्हणून जम्मूला किंवा गुवाहाटीला युनिटचं कुणीतरी जाणारं आहे का, ते आधीच बघा.

शेवटचं सांगते ते जवानांना. गाडी पाठवणारे बहुतेकदा तुम्ही नसताच, तुमची बायको किंवा वडील असतात. सुटी संपायच्या आधी आरसी, विमा, ओळखपत्र यांच्या सही केलेल्या प्रती आणि गाडी पाठवायचा अधिकार त्यांना दिल्याचं पत्र घरात ठेवून जा. बदलीच्या आदेशाची प्रतही. पोरीबाळींना पार्सलच्या खिडकीवर एका सहीसाठी परत पाठवतात, आणि ती सही करणारा तेव्हा बर्फात असतो, फोन लागत नाही. आणि पार्सल ऑफिसला एकट्याने जायची भीती वाटणारी कुणी सून असेल तर तिला माझा नंबर द्या. मी भुसावळलाच राहते, तिच्याबरोबर खिडकीशी उभी राहीन.