तुम्ही विचारलंत म्हणून: गावचे फोटो मीच का नाही काढत?

गणपतीत देवळाच्या सभामंडपात आमच्या गावच्या फोटोंचं प्रदर्शन लागतं, फोटो गावच्याच माणसांनी काढलेले. ते बघून झालं की कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, "ताई, तुम्ही लग्नाचे एवढे सुंदर फोटो काढता, मग हे तुम्हीच का नाही काढलेत? ह्यात कुणाचं डोकं कापलंय, कुणाचा हात हललाय." विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. म्हणून सगळ्यांना मिळून एकदा नीट सांगते.

मी काढलेलं गाव कसं दिसेल ते मला पक्कं माहीत आहे. माड, होडी, कौलारू घर, तुळशीवृंदावन, मावळता सूर्य. त्यात खोटं काही नाही, पण ते पाहुण्याला दाखवायचं गाव झालं. गावच्या माणसाला मात्र 'तुमच्या लेखी गाव म्हणजे काय ते काढून आणा' एवढंच सांगितलं, तर सूर्यास्त जवळजवळ येतच नाही. येतात रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, दोरी ओढून हाताला पडलेले घट्टे. येतो व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा साकव, नाहीतर भावाभावांच्या वादात पडीक राहिलेली शेताची मळी.

एका आजींनी नुसत्या डांबराचा फोटो आणला. काळा रस्ता, पांढरा पट्टा, बाकी काही नाही. शाळेच्या पडवीत आम्ही भिंतीवर तो मोठा करून लावला, तेव्हा पोरं हसली. आजी म्हणाल्या, "हयसर वड होतो." हायवेच्या चौपदरीकरणात तिठ्यावरचा वड गेला, तीच ती जागा. मग बोलणं थांबेना. मुंबईला जाणारा प्रत्येक जण त्या वडाखाली ट्रंकेवर बसून एसटीची वाट बघायचा. कोण रडत गेला, कोण परत आलाच नाही, सगळं निघालं. माझ्या डोळ्याला तिथे रस्ता दिसला असता आणि मी पुढे गेले असते. त्या जागेचा फोटो काढायला तिथला वड आठवणारंच माणूस लागतं.

ही पद्धत आम्ही शोधलेली नाही. १९९० च्या दशकात कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले. फोटो त्यांनी काढायचे, त्यावर एकत्र बसून बोलायचं, आणि ज्यांच्या हातात निर्णय आहेत त्यांच्यापर्यंत ते न्यायचे. 'फोटोव्हॉइस' हे नाव तेव्हाचं. मला त्यातली मधली पायरी सगळ्यात मोलाची वाटते. फोटो काढून झाला की काम संपलं, असं माझ्या धंद्यात असतं. इथे तिथून सुरू होतं. इथे काय दिसतंय, खरं काय चाललंय, ह्याचा आपल्याशी काय संबंध, असं का झालं, आपण काय करू शकतो, एवढंच विचारत जायचं. उत्तर ज्या बोलीत येईल त्याच बोलीत फोटोखाली लिहायचं. मालवणीचं शुद्ध मराठी मी कुणाला करू देत नाही.

नव्या फोटोंच्या मागोमाग जुने आले. कोकणात भिंतीवरच्या फोटोला चार पावसाळे झाले की बुरशी धरते, आणि फोटो काचेला चिकटतो. तो सोडवायच्या भानगडीत पडू नका, वरचा थर काचेवरच राहतो. फ्रेम उजेडाच्या दिशेला थोडी तिरकी धरायची, फ्लॅश बंद ठेवायचा, फोनच्या मागे काळी छत्री उघडून धरायची म्हणजे काचेत आपलं प्रतिबिंब पडत नाही. मिळालेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता टाकायचा नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर बारीक तपशील जातो.

असाच एक फोटो: रंगवलेल्या पडद्यापुढे टेरिलीनचा शर्ट घातलेला तरुण, मागे लालबागच्या स्टुडिओचा शिक्का. त्यांच्या पत्नीने सांगितलं की तो शर्ट त्यांचा नव्हताच. गाववाल्यांच्या खोलीत एकच चांगला शर्ट होता, आणि गावी फोटो पाठवायचा असला की आळीपाळीने तोच घालायचे. मग बाकीच्या घरांतले फोटो काढून बघितले, तर तोच चौकड्यांचा शर्ट आणखी दोघांच्या अंगावर. मुंबईतल्या १९८२ च्या गिरणी संपानंतर त्यातले कोण गावी परतले आणि कोण तिथेच काहीबाही करत राहिले, हे ह्या तीन फोटोंवरून अख्ख्या वाडीने सांगितलं. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेला इंडियन मेमरी प्रोजेक्ट घराघरांतल्या जुन्या फोटोंतून देशाची गोष्ट सांगतो. आमची झेप वाडीपुरती, पण वाट तीच.

आता दुसरा प्रश्न, जो जरा हळू आवाजात येतो. "गावच्या प्रदर्शनात त्या नेपाळ्याचा फोटो कशाला?"

आपल्याकडे आंब्याच्या बागा राखायला, होड्यांवर खलाशी म्हणून नेपाळची माणसं येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातलं एक कुटुंब आमच्याकडे वर्षभर राहतं. बाग राखतात, आणि मुंबईकरांची बंद घरंही सांभाळतात. त्या माणसाने आणलेला फोटो असा: मातीच्या भिंतीला खिळे, प्रत्येक खिळ्याला चावीचा जुडगा, जुडग्याला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर घराची खूण, पेनाने. पावसाने शाई फुटलेली, तीवर पुन्हा गिरवलेली. खाली त्याने स्वतःच्या भाषेत लिहिलं, आणि नेपाळीची लिपी देवनागरीच असल्याने सगळ्यांना ते वाचता आलं.

तो फोटो लावायचा की नाही यावर देवळात वाद झाला. मी बाजू घेतली आणि आजही घेते. कौलं कुठे गळतात, विहिरीचा पंप कधी बंद पडतो, पिंपळाचं रोप कुठल्या भिंतीत रुजलंय, हे ज्याला माहीत आहे त्याच्याशिवाय आमच्या गावचा फोटो पुरा कसा होईल? माझ्या मते गाव हे सातबाऱ्यावर नाव असलेल्यांचं आहेच, आणि ते राखणाऱ्यांचंही आहे. काहींना हे पटलेलं नाही. फोटो मात्र लागला.

फोटोची मालकीही आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सहसा ज्याने काढला त्याचाच फोटो. पैसे देऊन काढून घेतला तर गोष्ट वेगळी. म्हणून एका हॉटेलवाल्याने मुलांनी काढलेले फोटो भिंतीवर लावायला फुकट मागितले, तेव्हा मी त्याला मुलांच्या घरी पाठवलं. ज्या घराने फोटो उतरवा म्हटलं, तिथे कारण न विचारता उतरवला.

राहिलं एक. विचारणारे तुम्ही बहुतेक चाकरमानी असता, आणि गावच्या जुन्या फोटोंतले कितीतरी डोंबिवली-विरारच्या माळ्यांवरच्या ट्रंकांत पडलेत. येत्या गणपतीला येताना ते घेऊन या. फ्रेममधून काढू नका, मागे लिहिलेलं पुसू नका. आणि घरात कुणी जुनं माणूस असेल, तर त्यालाही घेऊन या.