एकाच ट्रेमधली दोन ॲम्प्यूल

पहाटेचे चार वाजत आले होते. मेडिकल वॉर्डात तीस पेशंट आणि ड्युटीवर आम्ही दोघी. ज्युनिअर सिस्टरने सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक विरघळवायला डिस्टिल्ड वॉटरचं ॲम्प्यूल, म्हणजे छोटी बंद कुपी, फोडलं, सिरिंजमध्ये ओढलं आणि रिकामं ॲम्प्यूल टाकताना तिची नजर लेबलवर गेली. पोटॅशियम क्लोराइड! सिरिंज तशीच हातात धरून ती माझ्याकडे आली. तोंडातून शब्द फुटत नव्हता.

त्या दहा मिलीमध्ये वीस मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. सलाईनमध्ये मिसळून ते सावकाश द्यायचं असतं. थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं.

सकाळी ऑफिसातून निरोप आला, तिच्याकडून लेखी खुलासा घ्या. मी एक दिवस मागून घेतला. त्या रात्री चारलाच ट्रेसमोर उभी राहिले. ट्यूबलाइट पाठीमागे, त्यामुळे ट्रेवर माझीच सावली. दोन्ही ॲम्प्यूल पारदर्शक प्लास्टिकची, सारख्याच उंचीची, अक्षरं बारीक. इंडेंटचा, म्हणजे स्टोअरमधून मागवलेला, माल भरताना एकाच कप्प्यात पडलेली. रोजच्या सवयीने हात घातला. निघालं पोटॅशियमच. माझी बावीस वर्षं नोकरी झाली आहे.

ट्रेनिंगमध्ये ऐकलेली बी-17 विमानांची गोष्ट तेव्हा मला खऱ्या अर्थाने कळली. दुसऱ्या महायुद्धात ही बॉम्बर विमानं उतरल्यावर पायलट फ्लॅप्सऐवजी, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांऐवजी, चाकंच आत ओढून घेत. दोष अर्थातच पायलटवर. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारीशेजारी आणि एकसारखे. त्याने एकाला छोटं चाक आणि दुसऱ्याला पाचरीचा आकार बसवला. मग न बघताही हाताला फरक कळू लागला.

मीटिंगमध्ये पहिली सूचना आली ती 'लेबल नीट वाचा' असा बोर्ड लावण्याची. मी ठाम नाही म्हटलं. लेबल वाचायचं असतं हे त्या मुलीला माहीत नव्हतं का? शेवटी जनरल वॉर्डातून पोटॅशियमचा साठाच काढला. आता डॉक्टरांची ऑर्डर असेल तरच फार्मसी पेशंटच्या नावाने लाल पाकिटात पाठवते आणि मिसळताना दोघींच्या सह्या लागतात. रात्री उशीर होतो, ही रेसिडेंट डॉक्टरांची तक्रार रास्तच होती. म्हणून थोडा साठा आयसीयूत कुलपात ठेवला. ट्रेवर दिवा आला. खुलाशाची मागणी मागे घेतली गेली.

"मॅडम, मी नोकरी सोडते," म्हणणाऱ्या त्याच मुलीने घडलेलं सगळं नर्सेसच्या बैठकीत स्वतः उभं राहून सांगितलं. कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही.

चार दिवसांनी लेबर रूमच्या सिस्टर तळहातावर दोन चिमुकली ॲम्प्यूल घेऊन आल्या. एक बाळाला द्यायचं व्हिटॅमिन के, दुसरं बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला आईला द्यायचं मेथर्जिन.

"मॅडम, ही दोन्ही आमच्याकडे एकाच वाटीत असतात."