राखेचा पालाश

काकांनी टेबलावर माती परीक्षणाचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. उमरेडकडची नीलगिरी. दोन तोडण्या झाल्या, बुंध्यातून पुन्हा फुटलेला दुसरा खोडवा अंगच धरत नाही. "मॅडम, दोन्ही रिपोर्ट तुमचेच. पाच सालात इतका पालाश गेला कुठं?"

जुन्यावर सही माझीच. हेक्टरी ३६० किलोच्या वर पालाश, म्हणजे पोटॅश, गेला की आम्ही 'अत्यंत जास्त' लिहितो. इथे तो दुपटीच्याही पुढे. सामू (पीएच) ८.६. नव्यात पालाश 'कमी', सामू साडेसहा. आमच्या साहेबांचं उत्तर तयार होतं, "मातीच्या पिशव्या बदलल्या असतील." साहेबांनी कुदळ शेवटची कधी धरली, देव जाणे.

जुनी वही काढली. शेऱ्यात माझंच अक्षर: 'फ्लेम फोटोमीटर पट्टीबाहेर, पाचपट विरल करून पुन्हा वाचन.' म्हणजे त्या दिवशी मी पालाश मोजायच्या यंत्राशी भांडत बसले. काळ्या जमिनीत आठच्या वर सामू रोजचाच, म्हणून नजर सरावलेली. पण काकांची जमीन तांबूस, मुरमाड. आणि त्याच कागदावर नत्र (नायट्रोजन) 'अत्यंत कमी'. ते काकांनी वाचलं नाही, मीही त्यावर बोट ठेवलं नाही.

"काका, तेव्हा माती कुठली आणली होती?"

"तोडणीचा पालाफांद्या जाळला होता न, तिथली. भुरभुरीत होती, चांगली दिसली."

राखच ती! जाळलं की नत्र धुरावाटे जातं. पालाश आणि चुना राखेत उरतात, तेही ढिगाखालीच; सामू चढतो तो त्यानेच. अशा हलक्या जमिनीत पालाश पावसागणिक खाली झिरपतो. बाकीच्या रानाला काय मिळालं? तरी एका घमेल्याच्या मातीवर मी पाच एकरांचा निकाल दिला, आणि काकांनी त्या भरवशावर दुसरा खोडवा बिनखताचा राखला.

त्यांनाही काय बोलणार? आमच्या पत्रकात छापलंय, 'झाडाखालची माती घेऊ नये.' सगळं रान झाडांचंच, तर माणूस मोकळ्या जागी जाणारच. संगणकात नीलगिरी हे पीकच नाही; ऑपरेटरने 'संत्रा' निवडलं आणि खतमात्रा संत्र्याची छापून आली.

सालीत चुना भरपूर असतो, तेव्हा पुढच्या तोडणीला साल रानातच सोला आणि पाला जाळू नका, पसरा, असं मी सांगितलं. काका हसले. "व्यापारी वजनावर घेते, मॅडम. साल इथं सोडली तर वजन तुमी भरून द्याल का?"

नवी पिशवी घेऊन ते गेले. जुना कागद मात्र त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.