वरूडहून ढाका: आपल्या संत्र्याच्या मागं मागं

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या वरूड-मोर्शी भागातला संत्रा वर्षानुवर्षं बांगलादेशात जातो, पण जातो तो व्यापाऱ्यासोबत. बागायतदार गावातच. बगीचा हुंडीनं, म्हणजे झाडावरचं फळ एकगठ्ठा, दिला, इसार घेतला, तोडा झाला, संपलं. तिकडं तो कोण विकतं, कोण खातं, हे पाहायला कोणी जात नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये मृग बहाराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या पिकाचा) तोडा सुरू असताना आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडून आम्ही काही जण जाऊन आलो. सोबत काकाजी होते. संत्र्याचा व्यवहार त्यांच्याइतका कोणाला कळत नाही आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) त्यांच्याइतका कोणी खात नाही.

विमानानं कोलकात्याहून ढाका तासाभराच्या आत येतं. तरी आम्ही मुद्दाम जमिनीच्या वाटेनं गेलो, कारण माल त्याच वाटेनं जातो. नागपूरहून गीतांजली एक्स्प्रेसनं हावडा, मग सियालदहहून बनगावची लोकल आणि तिथून ऑटोनं पेट्रापोल. सीमेच्या अलीकडं पेट्रापोल, पलीकडं बांगलादेशातलं बेनापोल. बनगावच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकांची रांग पाहूनच अर्धं गणित कळलं. आपला ट्रक तिथं थांबतो, मग पलीकडं जातो, तिथं माल उतरतो आणि त्यांच्या ट्रकमध्ये चढतो. म्हणजे कॅरेट पुन्हा एकदा हमालाच्या हातून जातं आणि देठाजवळ सैल पडलेलं फळ तिथंच खराब व्हायला लागतं. ज्यांना पॅकिंगवर खर्च करायला जिवावर येतं, त्यांनी एकदा ही हमाली पाहावी.

बेनापोलहून ढाक्याची बस नरालवरून पद्मा सेतूवर येते. या पुलाचं उद्घाटन 25 जून 2022 ला झालं, लांबी 6.15 किलोमीटर. त्याआधी गाड्या फेरीबोटीवर चढवून नदी पार करावी लागायची आणि नाशवंत मालाचे हाल व्हायचे. आता पाच-सहा तासांत ढाका. पण माझी नजर पुलापेक्षा पाण्यावरच होती. आमचा तालुका भूजलाच्या बाबतीत डार्क झोन, हजार फुटांचा बोअर घेतला तरी धूळ निघते. इथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तळी, खाड्या, भाताची खाचरं. काकाजी खिडकीतून पाहत म्हणाले, "बाप्पा, एवढं पाणी! अन् संत्रा मात्र आपल्याकडचाच खातेत!"

ढाक्याची पहिली ओळख म्हणजे गर्दी. हिरव्या जाळीदार सीएनजी रिक्षा, रंगवलेल्या सायकलरिक्षा, मधूनच वाट काढणाऱ्या बसगाड्या. नकाशावर जवळ दिसलेल्या ठिकाणाला दीड तास लागला तर नवल नाही. दिवसात दोनच भेटी ठरवा, तिसरी होत नाही. उत्तरेकडची कामं असली तर उत्तरा ते मोतीझील मेट्रो वापरा, बाकी शहराला ती अजून पुरत नाही. राहायला मात्र जुन्या ढाक्याच्या जवळ राहावं, कारण फळांचा बाजार बादामतोलीला, बुडीगंगेच्या काठी, सदरघाटाच्या अलीकडं. भल्या पहाटे जायचं. उजाडून दोन तास झाले की मजा गेली.

बादामतोलीत जे पाहिलं ते सांगण्यासारखं आहे. इजिप्तची मोसंबी, तिला तिथं माल्टा म्हणतात, चकचकीत खोक्यात एकसारखी रचलेली. चीनची छोटी संत्री जाळीत. आणि आपला संत्रा कॅरेटमध्ये, मोठा-बारीक एकत्र. एका अडत्यानं दोन फळं उचलून हातात दिली, एक मोठं नारिंगी आणि एक चुरी, म्हणजे बारीक फळ. हिंदीत म्हणाला, "टॅक्स दोनों का एक." सगळा धडा त्यातच होता. 2019 पासून तिथलं आयात शुल्क चढत गेलं आणि 2023 मध्ये आपल्या रुपयात किलोमागं 88 पर्यंत पोचलं. ते दर्जावर नाही, वजनावर बसतं. म्हणजे चांगलं फळ हा भार कसाबसा पेलतं, चुरी मरते. आपण इकडून सरसकट भरतो आणि मग म्हणतो, निर्यात परवडत नाही. राज्य सरकारनं या शुल्काच्या निम्म्या रकमेचं अनुदान जाहीर केलं होतं, त्याच्यावर विसंबून बगीचा चालत नाही. भूतानला 2020 च्या व्यापार करारानं शुल्कात सवलत आहे, तो संत्रा जवळचाही आहे. त्यांच्याशी स्वस्ताईत लढण्यात अर्थ नाही. प्रतवारी गावातच करा, चुरी नागपूरच्या कळमना बाजाराला किंवा ज्यूसला द्या आणि फक्त वरचा माल सीमेकडं पाठवा.

आपल्या संत्र्यातल्या बियांची मला फार धास्ती होती. तिथं बियांबद्दल कोणी तोंडही उघडलं नाही. विचारलं ते रंग, गोडी आणि सालीचा ताजेपणा. आपली सैल साल हाताळणीत फाटते, हीच त्यांची मोठी तक्रार.

वेळ निवडताना दोन गोष्टी पाहा. एक, तिथं शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी कामं सुरू. आपल्या बँका रविवारी बंद. कागदपत्रांचा व्यवहार दोन्हीकडं जुळतो तो सोमवार ते गुरुवार, त्यातच बसवा. 21 फेब्रुवारीला भाषा आंदोलनातल्या हुतात्म्यांचा दिवस म्हणून सुट्टी असते. दुसरी, रमजान. इफ्तारीला फळ लागतंच आणि मागणी वाढते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो, तेव्हा मृगाचा तोडा आणि तो कधी जुळतो हे कॅलेंडरवर आधीच पाहून ठेवा.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाचे थोडे हाल होतात, पण उपाशी राहत नाही. सकाळी पराठा, डाळ-भाजी सगळीकडं मिळते. जेवणात भात, पातळ डाळ आणि मोहरीच्या तेलातलं बटाट्याचं किंवा वांग्याचं भरीत. ऑर्डर देताना 'निरामिष' म्हणा, नाहीतर भाजीत मासा निघतो. तांतीबाजारात शाकाहारी खाणावळी आहेत, आम्ही दुपारी तिथंच. चहा कंडेन्स्ड मिल्कचा, गोड मिट्ट. काकाजींना खर्र्याची काळजी होती, पण पान-जर्दा तिथं कोपऱ्या-कोपऱ्यावर असल्यानं त्यांचं निभावलं.

पैशांचं असं: यूपीआय विसरा. शंभर रुपयांना तेव्हा साधारण सव्वाशे ते एकशे तीस टका मिळत होते. कोलकात्याच्या मार्किस स्ट्रीटवर बदलून घेतलेले बरे. परतताना जमिनीच्या सीमेवर प्रवास कर लागतो, आम्ही गेलो तेव्हा हजार टका, तेवढे शेवटपर्यंत खिशात ठेवा. पासपोर्टवर सिम मिळतं, ते पहिल्याच दिवशी घ्या. नमुन्याची संत्री पिशवीतून नेऊ नका, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय सीमेवर अडवतील. फोटो आणि प्रतवारीचा तक्ता न्या.

ऑगस्ट 2024 मध्ये तिथं सत्ता बदलली, मैत्री एक्स्प्रेस जुलैपासूनच थांबली आणि व्हिसाचं गणितही बदललं. म्हणून निघण्याआधी कोलकाता किंवा मुंबईच्या उपउच्चायुक्तालयाकडून ताजी माहिती घ्या, मागच्या वर्षी गेलेल्याचं ऐकू नका. डॉलरच्या टंचाईच्या काळात तिथल्या खरेदीदाराला एलसी (बँकेनं दिलेली पैशांची हमी) उघडणं जड जात होतं. गोड बोलून 'माल पाठवा, पैसे मागून' म्हणणारे भेटतात. एलसी हातात नसेल किंवा आगाऊ रक्कम आपल्या खात्यात जमा झालेली नसेल, तर ट्रक वरूडच्या बाहेर काढू नका.