राजमाचीचे काजवे, कोंढाणे लेण्यांकडील उतरण आणि टॉर्चचा सर्वांत मंद प्रकाश

जूनच्या पहिल्या आठवड्यात काजवे पाहण्यासाठी लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याकडे जाणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की खिशात ठेवायची टॉर्च घेताना ती कमीत कमी किती उजेड देते आणि बटण दाबल्यावर थेट त्या कमीत कमी उजेडावर सुरू होते का, हे दोनच प्रश्न दुकानदाराला विचारावेत. जास्तीत जास्त उजेडाचा आकडा डब्यावर ठळक छापलेलाच असतो आणि तो या वाटेवर कोणाच्याही उपयोगी पडत नाही. मी तो आकडा पाहून टॉर्च घेतली आणि त्या रात्री माझ्यामुळे पंधरा माणसांचा विरस झाला. परत येऊन दोन दिवस झाले आहेत, गुडघे अजून दुखत आहेत, म्हणून पुढील मजकुरात थोडा त्रागा उतरला असल्यास वाचकांनी समजून घ्यावे.

टॉर्च मी १,३५० रुपयांना घेतली. मला मंद प्रकाश हवा आहे, काजव्यांच्या झाडाजवळ न्यायची आहे, असे मी दुकानात स्पष्ट सांगितले होते. ‘लो मोड आहे, फक्त दहा टक्के,’ असे उत्तर मिळाले आणि डब्यावरही तसेच छापलेले होते. दहा टक्के हा शब्द ऐकून माझे समाधान झाले, आणि खरी फसगत तिथेच झाली. लुमेन हे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचे माप; टॉर्च १,००० लुमेनची असेल तर दहा टक्के म्हणजे १०० लुमेन. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांसाठी तो मोठा झोत असतो. शिवाय डोळ्यांना उजेड सरळ प्रमाणात जाणवत नाही. प्रकाश दहाव्या हिश्श्यावर आणला तरी तो साधारण निम्म्यावर आल्यासारखाच भासतो. झाडाजवळ खपण्यासारखा प्रकाश म्हणजे एका लुमेनहूनही कमी. त्यामुळे टक्क्यांत सांगितलेला लो मोड हा लो मोड नव्हेच, असे मी आता धरून चालतो. आकडा लुमेनमध्ये सांगता येत नसेल तर ती टॉर्च घेऊ नये.

लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडी गावापर्यंतची सुमारे पंधरा किलोमीटरची वाट रुंद आणि बहुतांशी सपाट आहे; तिच्याविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. अंधार पडल्यावर झाडीत काजवे दिसू लागले आणि गावाच्या अलीकडे एक मोठे झाड अक्षरशः लखलखत होते. शेकडो नर एका लयीत उजळत होते आणि एका लयीत विझत होते. ती उघडझाप म्हणजे माद्यांना घातलेली साद असते. मादी पाहते, ओळखते आणि आपल्या प्रकाशाने उत्तर देते. प्रौढ काजव्याचे आयुष्य मोजक्या आठवड्यांचे असते आणि पाऊस जोरात सुरू झाला की हा सारा खेळ आटोपतो. मला पाण्याची बाटली काढायची होती, म्हणून मी खिशातील टॉर्चचे बटण दाबले. ती पूर्ण झोतावर सुरू झाली. लो मोडवर यायला पुन्हा दाबावे लागते, तेव्हा मध्यम झोत येतो, मग लो, आणि एखादा दाब जास्त झाला तर उघडझाप करणारा पांढरा झगझगाट. घाबरून मी नेमका तो जास्तीचा दाब दिला. समोरचे झाड विझले. त्याची लय पुन्हा जुळायला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिले नाही, पण उभ्या असलेल्या सगळ्यांना तो फार वाटला. उधेवाडीत ज्यांच्या घरी जेवलो त्या आजींनी आम्हांला काजवे पाहायला निघतानाच बजावले होते, ‘आधी ती बॅटरी इझवा, मंग दिसतील.’ तिकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आणि त्या आजींचे म्हणणे मी पुरेशा गांभीर्याने घेतले नव्हते.

काजव्यांइतकेच माणसांचेही नुकसान झाले. डोळ्यांना पूर्ण अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, कारण मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशींतील रंगद्रव्य तेवढ्या वेळात पुन्हा तयार होते. एका झगझगाटाने त्यातील बराच भाग क्षणात खर्ची पडतो आणि बरीचशी प्रतीक्षा नव्याने करावी लागते. आमच्यातील एका ताईंकडे बोटाएवढी, एका साध्या पेन्सिल सेलवर चालणारी टॉर्च होती. तिचा सर्वांत मंद प्रकाश अर्ध्या लुमेनहूनही कमी होता. त्या प्रकाशात त्यांनी पिशवीतील गोळ्यांची पट्टी शोधून दाखवली, बुटाची नाडी बांधली, आणि दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या मला त्याचा किंचितही त्रास झाला नाही. थ्रूनाइट ही टॉर्च बनवणारी कंपनी या सर्वांत मंद पायरीला ‘फायरफ्लाय’ म्हणजे काजवाच म्हणते, तर इतर काही कंपन्या ‘मूनलाइट’ म्हणतात. ‘काजवा’ हे नाव किती नेमके आहे हे मला राजमाचीच्या वाटेवर पटले.

आता उतरणीविषयी. कर्जतहून सकाळची लोकल गाठायची म्हणून आम्ही पहाटे साडेतीनला उधेवाडीहून कोंढाणे लेण्यांच्या बाजूने उतरू लागलो. हा निर्णय चुकीचा होता आणि तो कोणीही पुन्हा घेऊ नये. दिवसा ही वाट सरावाच्या माणसाला अवघड नाही, पण आदल्या दिवशी वळवाची सर येऊन गेली होती, वरच्या टप्प्यात दगडांवर मातीचा पातळ चिखल आणि त्यावर पालापाचोळा होता, आणि खाली घसारा. झाडी इतकी दाट, की आकाशाचा उजेड जमिनीवर पोहोचतच नाही. इथे मंद प्रकाशाचा काहीही उपयोग नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्या छोट्या टॉर्चच्या प्रेमात पडून कोणी केवळ तीच घेऊन उतरायला गेला तर पाय मोडून बसेल. या टप्प्याला चाळीस-पन्नास लुमेनचा, रुंद पसरणारा, स्थिर प्रकाश लागतो आणि हात मोकळे राहावेत म्हणून तो हेडटॉर्चचा असावा. मात्र आम्हांला मध्येच धुके लागले, आणि धुक्यात कपाळावरचा दिवा डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करतो. अशा वेळी दिवा काढून कमरेच्या उंचीवर हातात धरावा. प्रकाश तिरका पडल्यामुळे दगडांच्या सावल्या लांबतात आणि खड्डा कुठे आहे, पायरी कुठे आहे, ते कळते. ही युक्ती मला तीनदा आपटल्यानंतर सुचली.

सव्वाचारच्या सुमारास, वाटेच्या सर्वांत वाईट भागात, माझी टॉर्च विझली. संध्याकाळपासून जेमतेम चार तास, तीही बव्हंशी लो मोडवर, ती जळली असेल. आतल्या १८६५० या आकाराच्या रिचार्जेबल सेलवर ९,९०० मिलीअँपिअर-तास असे छापलेले होते. घरी येऊन क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर तो लावला तेव्हा १,१०० भरले. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३,००० ते ३,५०० असते, अगदी नव्यांची फार तर ४,०००. त्याहून मोठा आकडा छापलेला दिसला की तो सेल खोटा आहे असे समजावे, आणि असा सेल ज्या टॉर्चमध्ये घालून दिला आहे तिच्या लुमेनच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नये. उरलेली उतरण मी ताईंच्या हेडटॉर्चच्या मागोमाग, त्यांनी पाऊल ठेवलेल्या जागी पाऊल ठेवत उतरलो. त्या मागे वळून प्रत्येक दगड दाखवीत होत्या. लेण्यांपाशी पोहोचलो तेव्हा उजाडले होते, पण लेणी पाहण्याचे त्राण कोणातही उरले नव्हते.

दुकानात मंद प्रकाश तपासणे कठीण असते, कारण तिथल्या दिव्यांत अर्धा लुमेन लागलेला आहे की नाही तेही समजत नाही आणि ग्राहक ‘ही बिघडलेली दिसते’ म्हणून चांगली टॉर्च परत ठेवतो. ती उघड्या पिशवीत किंवा कपाटात धरून, डोके आत घालून पाहावी; दुकानदार हसला तरी पाहावी. मग मोबाइलचा कॅमेरा तिच्यासमोर धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो प्रकाश स्थिर नसून भराभर उघडझाप करून मंद भासवलेला असतो, आणि पावसात तो डोळ्यांना फार त्रास देतो. सुरुवातीची पायरी सर्वांत महत्त्वाची. काही टॉर्च प्रत्येक वेळी खालच्या पायरीपासून वर जातात, तर अँड्युरिल ही बटणाचे मोड ठरवणारी प्रणाली असलेल्या टॉर्चमध्ये बटण दाबून धरले की सर्वांत मंद प्रकाश प्रथम येतो. या दोन्ही चालतील. शेवटचा वापरलेला मोड लक्षात ठेवणाऱ्या टॉर्चवर मी विसंबणार नाही, कारण शेवटचा मोड कोणता होता हे अंधारात माणसाच्याच लक्षात राहत नाही. बटण खिशात आपोआप दाबले जाऊ नये म्हणून मागचे झाकण पाव फेरा सैल करून ठेवावे.

पेन्सिल सेलची टॉर्च घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तो सेल उधेवाडीतही मिळण्याची शक्यता आहे, १८६५० मिळणार नाही. ज्यांच्याकडे नवी घेण्याइतके पैसे किंवा वेळ नाही त्यांनी जुन्याच टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर रबराने बसवावेत. लाल प्रकाशाने माणसाची अंधाराची सवय कमी मोडते आणि काजव्यांनाही तो पांढऱ्यापेक्षा कमी जाणवतो. तरीही तो झाडावर मारू नये, पायांपाशीच ठेवावा, आणि झाडाजवळ थांबल्यावर बंद करावा. मी परवाच तशी छोटी टॉर्च घेतली आहे. ती डाव्या खिशात राहील, हेडटॉर्च पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात राहील, आणि पुढच्या वर्षी उधेवाडीहून आम्ही उजाडल्यावरच निघू.