मारबतीच्या दिवसाची विक्री

नागपुरातील किराणा मालाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे इतवारी बाजारातील पेढीचे जुने बिलिंग सॉफ्टवेअर आणि वाडीच्या गोदामातील नवी प्रणाली, या दोहोंतील विक्री एकत्र करून २०२४ चा अहवाल काढण्याचे काम माझ्याकडे होते. बिलांची संख्या आणि वर्षाची एकूण रक्कम मूळ नोंदींशी पैशापर्यंत जुळत होती, आणि एवढे जुळले की आमच्या क्षेत्रातले बहुतेक जण अहवाल पाठवून मोकळे होतात.

पेढीवरच्या वयस्क हिशेबनीस काकांनी मात्र एकूण रकमेकडे पाहिलेही नाही. दिवसवार यादीवरून पेन्सिल फिरवत ते ३ सप्टेंबरपाशी थांबले आणि म्हणाले, “मारबतीच्या दिवशी इतवारीत मालाची गाडी शिरते का जी?” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत आणि बडगे या पुतळ्यांच्या मिरवणुकीमुळे तिथे पाय ठेवायला जागा नसते; पेढी त्या दिवशी बंदच असते. अहवालात मात्र त्याच तारखेला भरघोस विक्री दिसत होती.

काकांनी फाइल उघडून दाखवली, तेव्हा ती बिले ९ मार्चची निघाली. जुने सॉफ्टवेअर ‘०९/०३/२०२४’ असे लिहीत होते आणि माहिती उचलणारा प्रोग्राम पहिला आकडा महिना समजत होता. दिवस बारापेक्षा मोठा असला की तोच प्रोग्राम निमूटपणे क्रम उलटा करून घेई, म्हणून १३ ते ३१ तारखांची बिले बिनचूक बसली आणि चूक झाल्याची एकही सूचना आली नाही. वर्षातल्या १४४ तारखा अशा दुहेरी वाचता येतात. त्यांतल्या ७ जुलैसारख्या बारा सोडल्या, तर १३२ दिवसांची विक्री भलत्याच दिवशी पडते. एप्रिल ते मार्च अशी बेरीज केली असती, तर मार्चमधून सप्टेंबरात गेलेल्या बिलांनी आर्थिक वर्षाची हद्द ओलांडली असती आणि फरक लगेच दिसला असता. आम्ही जानेवारी ते डिसेंबर धरल्याने सारी अदलाबदल त्याच वर्षात राहिली.

वाडीची प्रणाली वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख देत असल्याने तिकडे काही बिघडले नव्हते. इतवारीच्या फाइलसाठी तारखेचा नमुना प्रोग्राममध्ये स्पष्ट लिहिला, न बसणारी नोंद बाजूला काढण्याची सोय केली आणि सगळी माहिती पुन्हा चढवली. आता एकूण रकमेसोबत प्रत्येक महिन्याची बेरीज पेढीच्या खतावणीशी ताडली जाते, आणि काकांनी लिहून दिलेल्या सुट्ट्यांच्या यादीतल्या दिवशी विक्री आढळली, तर अहवाल पुढे सरकत नाही.