गोलपोस्टमागचा मुलगा

शनिवार, रात्रीचे साडेनऊ

आज ड्युटी नव्हती. जेवण उरकून स्वान्सीहून निघालो, एम ४ महामार्ग जिथे संपतो त्या पाँट अब्राहमपासून ए ४८ धरला आणि क्रॉस हँड्स मागे टाकून केव्हनेइथिनला पोहोचलो. वेल्समध्ये राहायला आल्यापासून या गावी जायचे मनात होते, पण दर वेळी काही ना काही आडवे येत होते. केव्हन म्हणजे डोंगराचा कणा आणि एइथिन म्हणजे पिवळ्या फुलांचे ते काटेरी झुडूप, जे इथल्या माळांवर सगळीकडे दिसते. गाव एवढेसे आहे की लक्ष नसेल तर मोटार कधी बाहेर पडली ते कळायचेही नाही. रग्बीच्या इतिहासात मात्र या गावाइतके मोठे देणे असलेली गावे शोधून सापडायची नाहीत.

भुरभुर पाऊस होता. सामना सुरू व्हायला अवकाश होता आणि एक खेळाडू एकटाच किकचा सराव करत होता. चेंडू ठेवायचा, चार पावले मागे जायचे, दोन बाजूला सरकायचे, मान खाली घालून क्षणभर थांबायचे, आणि मग तो ओला, जड आवाज. एक चेंडू उसळत माझ्या पायाशी आला, तो मी उचलला. ओल्या रबराचे बारीक दाणे तळहाताला टोचले, एका टोकाला गवताची पाती चिकटली होती. परत फेकायचा तर कसा, हे दोन क्षण कळले नाही, कारण लांबट चेंडू हातातून सरळ सुटतच नाही. तेवढ्यात गोलपोस्टमागे उभा असलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा धावत आला, चेंडू घेतला आणि एका झोक्यात नेमका त्या खेळाडूच्या छातीवर पोहोचवला. ‘दिओल्ख,’ असे तो मला म्हणाला, म्हणजे धन्यवाद.

मी ज्यासाठी गेलो होतो ते मला तिथेच दिसले. १९५०च्या दशकात याच गावात कार्विन जेम्स असा सराव करत असत, आणि चेंडू परत आणून देणाऱ्या पोरांमध्ये बॅरी जॉन नावाचा एक मुलगा असे. कार्विन यांचा जन्म १९२९चा, बॅरीचा १९४५चा. दोघेही खाणकामगारांच्या घरांतले, दोघेही आउटसाइड-हाफ, म्हणजे १० क्रमांकाचा, खेळाची दिशा ठरवणारा गडी, आणि दोघांचीही सुरुवात गावच्या क्लबमधून झाली. पुढे १९७१ मध्ये ब्रिटिश आणि आयरिश लायन्स, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांचा एकत्रित निवडक संघ, न्यूझीलंडला गेला, तेव्हा त्याचे प्रशिक्षक कार्विन होते आणि १० क्रमांकाची जर्सी बॅरीच्या अंगावर होती. चार कसोटींपैकी दोन जिंकल्या, एक हरली आणि ऑकलंडची शेवटची १४-१४ अशी बरोबरीत सुटली. न्यूझीलंडच्या भूमीवर लायन्सने जिंकलेली ती आजवरची एकमेव मालिका आहे. एका खेड्याच्या क्लबातून आलेल्या दोन माणसांनी ती घडवली, असे म्हटले तर बाकीच्या खेळाडूंवर अन्याय होईल याची मला जाणीव आहे. पण विचार कुणाचा होता आणि तो मैदानावर उतरवणारा पाय कुणाचा होता, याबद्दल मला शंका नाही.

हे इथेच का घडले, याचा विचार परतीच्या वाटेवर करत होतो. ग्वेनड्रायथच्या या खोऱ्यात अँथ्रासाइट निघत असे; कठीण, चकचकीत, जवळजवळ धूर न करणारा कोळसा. आठवडाभर जमिनीखाली अंग दुमडून काम करणाऱ्या माणसाला शनिवारी उघड्या आभाळाखाली मोकळेपणी धावायला मिळणे ही केवढी गोष्ट असेल! आणि याच बापांनी आपली मुले खाणीत उतरू नयेत म्हणून शाळेचा ध्यास घेतला. शेजारच्या ड्रेवाख गावातल्या ग्वेनड्रायथ ग्रामर स्कूलमधून कार्विन आणि बॅरी यांच्यानंतर गॅरेथ डेव्हिस आणि जोनाथन डेव्हिस हेही वेल्सचे आउटसाइड-हाफ झाले. एका शाळेतून एकाच जागेचे चार खेळाडू! मला ही नशिबाची गोष्ट वाटत नाही. गावचे मैदान आणि शाळेचा वर्ग यांच्यामध्ये तिथे भिंत नव्हती. कार्विन स्वतः वेल्श भाषा आणि साहित्य शिकवत, नौदलात असताना रशियन शिकले होते, आणि १९७० मध्ये प्लाइड कुम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाकडून लानेल्लीतून संसदेची निवडणूक लढले होते. क्लिफ मॉर्गनसारखा दिग्गज त्याच जागी असल्यामुळे वेल्सकडून त्यांना १९५८ मध्ये जेमतेम दोन सामने मिळाले. मात्र लायन्स विजयानंतरच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी, त्यांनी तयार केलेल्या लानेल्ली क्लबने न्यूझीलंडला ९-३ असे हरवले. एवढे करूनही ते वेल्सच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक कधीच झाले नाहीत. संघ निवडण्याचा पूर्ण अधिकार त्यांना हवा होता आणि तो देण्याची पदाधिकाऱ्यांची तयारी नव्हती. १९८३ मध्ये, ५३व्या वर्षी, अ‍ॅमस्टरडॅममध्ये ते गेले. हे वाचले की मला आजही वाईट वाटते.

बॅरीची गोष्ट वेगळी आहे. न्यूझीलंडमध्ये त्याला ‘किंग’ ही पदवी मिळाली आणि ती त्याच्या मागे घरापर्यंत आली. उत्तर वेल्समधल्या रिल गावी बँकेच्या एका कार्यक्रमाला तो गेला असता एका तरुणीने राजघराण्यातल्या माणसापुढे वाकावे तसे गुडघे वाकवून त्याला अभिवादन केले. आपण माणसांपासून किती तुटलो आहोत हे त्याला त्या क्षणी जाणवले, आणि १९७२ मध्ये, वयाच्या अवघ्या २७व्या वर्षी, त्याने खेळ सोडला. पूर्वी मला हा निर्णय उतावळेपणाचा वाटे. आज ते मैदान पाहिल्यावर तसे वाटत नाही. जिथे मोठ्या खेळाडूला लहान मुलगा चेंडू परत फेकतो आणि त्यात कुणालाच काही विशेष वाटत नाही, अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला ते वाकणे सहन झाले नसणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो गेला, तेव्हा मी रात्रपाळीला होतो आणि सोबतच्या वयस्कर नर्सबाई बातमी वाचून बराच वेळ गप्प बसल्या होत्या.

शेजारच्या टंबलची ग्रेट माउंटन खाण १९६२ मध्ये बंद झाली, किन्हाइड्रची १९८९ मध्ये. त्याच १९८९ मध्ये जोनाथन डेव्हिस रग्बी लीग या रग्बीच्या वेगळ्या, खेळाडूंना पैसे देणाऱ्या प्रकाराकडे, इंग्लंडमधल्या विडनेस क्लबला गेला. रग्बी युनियनने, म्हणजे वेल्समध्ये खेळल्या जाणाऱ्या या मूळ प्रकाराने, खेळाडूंना पैसे देण्याची मुभा १९९५ मध्ये दिली. २००३ पासून वरच्या पातळीवर मोठमोठे प्रादेशिक संघ आले आणि गावच्या क्लबापासून देशाच्या जर्सीपर्यंतची ती जुनी सरळ वाट लांबली. तरी आज बाजूच्या रेषेजवळ छत्र्या घेऊन माणसे उभी होती, आपसात वेल्शमध्ये बोलत होती आणि प्रत्येक खेळाडूला त्याच्या पहिल्या नावाने हाक मारत होती.

बूट अजून ओले आहेत, ते दिवाणखान्यातल्या हीटरखाली वर्तमानपत्रावर ठेवले आहेत. पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत ड्युटी आहे, पण दोन वाजेपर्यंत सुटलो तर टंबलचे मैदान पाहून येईन.